लोकांच्या घराची मालकी

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, स्कॉटलंडच्या सरहद्दीजवळ कार्लाइल हे शहर आहे. त्याच्या दक्षिणेस बारा-तेरा मैलांवर हेस्केट न्यूमार्केट नावाचे लहानसे खेडे लागते. सरोवरांसाठी विख्यात असलेल्या डोंगराळ प्रदेशाची ही उत्तर सीमा होय. मधोमध लांबट हिरवळ, तिच्या कडेने दगडी घरे आणि पाठीमागे बहुधा ढगांत बुडालेले डोंगर, एवढाच गावाचा पसारा. नावात बाजार असला तरी तो केव्हाच मोडला. मात्र ‘ओल्ड क्राउन’ नावाचा एक पब गावात टिकून आहे आणि केवळ त्याच्यासाठी दूरदूरची माणसे या आडवळणाच्या गावी येतात.

इंग्लिश पबमध्ये प्रथमच शिरणाऱ्या परक्या माणसाला एका गोष्टीचा हमखास अचंबा वाटतो. येथे कोणी ‘या, बसा’ म्हणत नाही आणि काय हवे म्हणून विचारावयास कोणी टेबलाशी येत नाही. आपणच उठून फळीपाशी जावयाचे, मागावयाचे, तेथल्या तेथे पैसे द्यावयाचे आणि आपला पेला आपण घेऊन यावयाचे. फळीपाशी रांग दिसत नाही, पण रांग असते. कोण कोणाच्या आधी आला हे फळीमागच्या माणसाला नेमके ठाऊक असते आणि घुसखोरी करणाऱ्यास शब्दावाचून त्याची जागा दाखवली जाते. चौघे मित्र आले तर प्रत्येकाने आपल्या पाळीला चौघांचे पैसे द्यावयाचे, हा अलिखित कायदा. बक्षिसी देण्याची चाल नाही. फार तर फळीमागच्या माणसाला ‘तुमच्यासाठीही एक घ्या’ असे म्हणावयाचे. म्हणजे ग्राहकाने त्याला नोकर समजावयाचे नाही, बरोबरीचा गडी समजावयाचे.

फळीवर उभ्या दांड्यांची एक ओळ असते. हे हातपंप. दांडी खाली ओढली की तळघरातील पिंपातून तांबूस, किंचित फेसाळ पेय वर येते आणि दोन-तीन ओढींत पाइंटचा, म्हणजे ५६८ मिलिलिटरचा पेला भरतो. ‘ओल्ड क्राउन’च्या दांड्यांवर स्किडॉ, ब्लेनकाथ्रा अशी भोवतालच्या डोंगरांची नावे आढळतात, कारण हे पेय गावातच तयार होते. पबमागच्या एका जुन्या कोठारात १९८८ पासून ते गाळले जाते. ते बर्फासारखे थंड नसते आणि जिभेला झोंबतही नाही. थंडगार बाटलीची सवय असलेल्या पाहुण्याला पहिला घोट काहीसा निराशच करतो. पण या पेल्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पेल्याच्या मागे आहे. ती म्हणजे या घराची मालकी. गेल्या अर्धशतकात इंग्लंडमध्ये पब या संस्थेवरून जो झगडा झाला, तो दिसावयास चवीचा असला तरी मुळात मालकीचा होता.

घर आणि गुत्ता

‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’ या नावाचे लघुरूप आहे. त्याचा सरळ अर्थ ‘लोकांचे घर’. मराठीत मद्यविक्रीच्या जागेला ‘गुत्ता’ म्हणतात. हा शब्द मुळात मक्त्याचा वाचक आहे. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. सरकारला ठरावीक रक्कम भरून विक्रीचा एकाधिकार मिळवावयाचा, हा गुत्त्याचा मूळ व्यवहार होता. म्हणजे एका भाषेने या जागेला नाव देताना तेथे जमणाऱ्या माणसांकडे पाहिले, तर दुसरीने सरकारच्या महसुलाकडे. हा भेद काही दोन समाजांच्या स्वभावाचा नव्हे. ज्या इंग्रज राज्यकर्त्यांनी १८३० च्या कायद्याने आपल्या देशात दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्या गृहस्थाला बिअर विकण्याची मोकळीक दिली, त्यांनीच १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने येथील ताडी-मोहाचा स्थानिक व्यवहार सरकारी मक्त्याच्या चौकटीत जखडून टाकला. तेथे लोकांचे घर वाढत असताना येथे गुत्ता पक्का झाला.

तेथील मोकळीकही फार काळ टिकली नाही. वर्षाच्या आत वीस हजारांहून अधिक नव्या बिअरगृहांची भर पडली आणि बोभाटा झाला. १८६९ मध्ये परवान्यांचा अधिकार पुन्हा न्यायाधीशांच्या हाती गेला. परवाने दुर्मीळ झाले आणि जी वस्तू दुर्मीळ होते तिला किंमत येते, या अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्याप्रमाणे परवाना असलेल्या घरांचे भाव चढले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिअरच्या कारखानदारांनी ही घरे भराभर विकत घेतली आणि ती कुळांना चालवावयास दिली. अट एकच होती: माल मालकाच्याच कारखान्याचा विकावयाचा. यालाच बांधील पब म्हणतात. या व्यवस्थेला एक चांगली बाजूही होती. गाठीशी भांडवल नसलेल्या जोडप्याला तिच्यामुळे धंदा आणि डोक्यावर छप्पर दोन्ही मिळत असे. पण पाटीवर ‘लोकांचे घर’ असले, तरी उतारा कारखान्याच्या नावावर होता.

जिवंत पेयाचे अर्थशास्त्र

ज्याला ‘रिअल एल’, म्हणजे अस्सल एल म्हणतात, तिचे रहस्य चमत्कारिक नाही. जवाला मोड आणून ते भाजावयाचे, त्याचा गोड काढा हॉप नावाच्या वेलीच्या कडसर फुलोऱ्याबरोबर उकळावयाचा आणि निवल्यावर किण्व घालून आंबवावयाचा. येथपर्यंत सर्व बिअरची कहाणी थोडीफार सारखीच आहे. फरक पुढे पडतो. अस्सल एल कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यातील किण्व जिवंत असते आणि पबच्या तळघरात, पिंपातच, तिचे आंबणे पुन्हा मंदपणे चालू राहते. तळघर साधारण अकरा ते तेरा अंश सेल्सिअसला राखावे लागते. पिंपाच्या वरच्या छिद्रातील लाकडी खुंटी केव्हा बदलावयाची, वायू किती सोडावयाचा, गाळ तळाशी बसला की नाही, हे सारे पबवाल्याने पाहावयाचे असते. गाळ बसवण्यासाठी माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ परंपरेने वापरतात. पिंप एकदा उघडले की आत हवा शिरते आणि तीनएक दिवसांत माल संपला नाही, तर तो आंबट होऊन टाकून द्यावा लागतो. नेहमीच्या लहान पिंपात नऊ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट असतात.

या तीन दिवसांतच या पेयाचे सारे अर्थशास्त्र आहे. तीन दिवसांत ७२ पेले खपावयाचे, तर नित्य येणारी माणसे हवीत. माल न बिघडू देण्यासाठी तळघराची विद्या जाणणारा माणूस हवा. म्हणजे अस्सल एल ही केवळ कारखान्यात होत नाही. तिचा अखेरचा संस्कार त्या घरात होतो. चांगले पेय असेल तर घर भरते आणि घर भरलेले असेल तरच पेय चांगले राहते. दोहोंपैकी एकाला ग्रहण लागले की दुसरे आपोआप काळवंडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या कारखानदारांना ही जबाबदारी नकोशी झाली. त्यांनी बिअर गाळून, तापवून, तिच्यातील किण्व मारून टाकले आणि धातूच्या बंद पिंपात कार्बन डायॉक्साइडच्या दाबाखाली भरून ती देशभर पाठवली. ही बिअर आठवडेच्या आठवडे टिकते, तिला तळघराची विद्या लागत नाही आणि लंडनपासून लिव्हरपूलपर्यंत तिची चव एकसारखी असते. कारखान्याच्या हिशेबात हे सारे गुणच होते. याच काळात लहान कारखाने गिळून सहा प्रचंड कंपन्या उभ्या राहिल्या. घरे त्यांचीच असल्यामुळे ग्राहकापुढे निवड उरली नाही. बाजारात ग्राहक राजा असतो असे पाठ्यपुस्तके सांगतात. या राजाला आपल्या गल्लीतील पबमध्ये मात्र मालक देईल ते प्यावे लागत होते.

ग्राहकांचे बंड

१९७१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सहलीला गेलेल्या चार तरुण इंग्रजांनी या प्रकाराविरुद्ध एक संघटना काढली. १९७३ मध्ये तिने ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ हे नाव घेतले. ती ‘कॅम्रा’ या लघुनामाने ओळखली जाते. आरंभी लोकांना हा थट्टेचाच विषय वाटला. पण या संघटनेने साधी आणि चिकाटीची साधने वापरली. अस्सल एल कोठे मिळते याची गावोगाव पाहणी करून तिने १९७४ पासून वार्षिक मार्गदर्शिका छापली, बंद पडणाऱ्या लहान कारखान्यांसाठी मोर्चे काढले आणि १९७७ मध्ये लंडनला मोठा बिअर-महोत्सव भरवला. सभासद लाखाच्या वर गेले. मास्तर, कारकून, गिरणीतील मुकादम, विद्यार्थी अशी साधी माणसे कशासाठी संघटित झाली? स्वस्ताईसाठी नव्हे, तर निवडीच्या हक्कासाठी. ग्राहक-चळवळीच्या इतिहासात इतके यश फार थोड्यांना लाभले आहे. अस्सल एल जगली. २००२ मध्ये लहान कारखान्यांना अबकारी करात मोठी सवलत मिळाली. आज ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक लहानमोठे बिअर-कारखाने आहेत.

परंतु याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सत्तर हजारांच्या आसपास पब होते. आज ती संख्या पन्नास हजारांच्याही खाली आहे. पेय वाचले, पण घर वाचले नाही. असे का व्हावे?

सुधारणेचे विपरीत फळ

१९८९ मध्ये ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने बिअरच्या व्यवसायावर अहवाल दिला. देशातील बिअरच्या उत्पादनापैकी तीन चतुर्थांश सहा कंपन्यांच्या हाती असून बांधील पबमुळे स्पर्धेचा गळा घोटला जातो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी सरकारने आदेश काढला. ज्या कारखानदाराकडे दोन हजारांहून अधिक पब असतील, त्याने वरच्या संख्येपैकी निम्मे पब बंधनातून मोकळे करावेत; उरलेल्या बांधील पबना निदान एक पिंप बाहेरच्या अस्सल एलचे ठेवता यावे. हेतू उत्तम होता. कारखाना आणि दुकान यांची गाठ सुटली की स्पर्धा येईल आणि ग्राहकाचे भले होईल, हा तर्कही बिनचूक दिसत होता.

गाठ सुटली, पण भलत्याच जागी पुन्हा बसली. आदेशातील मर्यादा बिअर गाळणाऱ्याला लागू होती. बिअर न गाळणाऱ्याने किती पब घ्यावेत यावर बंधन नव्हते. कारखानदारांनी विकलेले हजारो पब नव्याने निघालेल्या कंपन्यांनी उचलले. या कंपन्या बिअर गाळत नव्हत्या. त्यांचा खरा धंदा जमीनजुमल्याचा होता. पुढच्या दशकात त्यांतील दोन सर्वांत मोठ्या कंपन्यांकडे प्रत्येकी सात हजारांहून अधिक पब जमा झाले, तेही बहुतांशी कर्जाच्या पैशावर. कुळाला बिअर पुन्हा मालकाकडूनच, चढ्या भावाने घ्यावी लागे आणि वर भाडे द्यावे लागे. जुन्या कारखानदाराला निदान आपली बिअर खपावी म्हणून तरी पब चालू राहावयास हवा होता. नव्या मालकाच्या हिशेबात बंद पडलेला पब ही मोक्याच्या जागेवरची इमारत होती. तिच्यात सदनिका बांधल्या तर अधिक पैसे सुटत. २००८ च्या आर्थिक अरिष्टात कर्जाचा भार असह्य झाला आणि विक्री अधिकच वाढली. मूळ आदेश २००३ मध्येच रद्द झाला होता. २०१७ मध्ये एका बहुराष्ट्रीय बिअर-कंपनीने या दोहोंपैकी एकीचे सुमारे एकोणीसशे पब विकत घेतले, तेव्हा चक्र पूर्ण फिरले. कुळांच्या गाऱ्हाण्यांसाठी २०१६ मध्ये स्वतंत्र आचारसंहिता आणि लवाद नेमावा लागला.

मक्तेदारी मोडावयाची तर मालकी कोणाकडून काढावयाची एवढेच ठरवून भागत नाही, ती कोणाकडे जाणार याचाही विचार करावा लागतो. आपल्याकडेही कूळकायद्यापासून गिरण्यांच्या जमिनींपर्यंत हा प्रश्न वारंवार पुढे आला आहे.

सरकारी पबचा प्रयोग

हेस्केट न्यूमार्केटला जाण्यासाठी ज्या कार्लाइलवरून जावे लागते, त्या शहराने मालकीचा आणखी एक नमुना पाहिला आहे. पहिल्या महायुद्धात जवळच्या ग्रेटना येथे दारूगोळ्याचा अवाढव्य कारखाना उभा राहिला आणि तेथील हजारो कामगार संध्याकाळी कार्लाइलच्या पबमध्ये लोटू लागले. स्फोटके हाताळणारे हात थरथरणे परवडणारे नव्हते. १९१६ मध्ये सरकारने या भागातील बिअरचे कारखाने आणि पब सरळ विकत घेतले. पबची संख्या कमी केली, खाण्याची सोय वाढवली आणि पगारी व्यवस्थापक नेमले. अधिक मद्य विकले म्हणून त्यांना अधिक मिळत नसे. म्हणून गिऱ्हाइकाला आणखी एक पेला घ्या म्हणण्याचे त्यांना कारण नव्हते. पुढे हॅरी रेडफर्न या वास्तुशिल्पकाराकडून प्रशस्त, हवेशीर अशी नवी पबगृहे बांधवून घेतली गेली. मद्यधुंदपणाबद्दलच्या शिक्षा घटल्या. त्यात युद्धकाळातील देशव्यापी निर्बंधांचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे.

ही योजना तोट्यात गेली नाही. उलट खजिन्यात भर घालीत राहिली. तरीही १९७१ च्या कायद्याने ती गुंडाळण्याचे ठरले आणि १९७३ पर्यंत सारे पब विकले गेले. पब चालवणे हे सरकारचे काम नव्हे, ही त्यामागील भूमिका होती. तीत तथ्य नाही असे नाही. पण लक्षात घेण्याची गोष्ट निराळीच आहे. सरकारने विकत घेताना गावाला विचारले नव्हते आणि विकतानाही विचारले नाही. सरकारची मालकी आणि लोकांची मालकी या दोन गोष्टी एकच नव्हेत.

गावाने घेतलेले घर

‘ओल्ड क्राउन’चे वेगळेपण येथे कळते. पबमागच्या कोठारातील बिअरचा लहानसा कारखाना १९९९ मध्ये गावकरी आणि हितचिंतक यांनी सहकारी तत्त्वावर घेतला. पुढे पबही विक्रीस निघाला. गावात बसण्याउठण्याची ती एकच जागा. ती बाहेरच्या कोणी घेतली की दुसऱ्या दिवशी तिचे सुटीतील बंगल्यात रूपांतर व्हावयाचे, हे कोणालाही दिसत होते. सव्वाशेच्या आसपास माणसांनी भागभांडवल घालून २००३ मध्ये तो विकत घेतला. सहकारी मालकीचा ब्रिटनमधील पहिला पब म्हणून त्याची नोंद आहे. शेतकऱ्यांपासून ख्रिस बॉनिंग्टन यांच्यासारख्या विख्यात गिर्यारोहकापर्यंत परिसरातील अनेकांनी त्याला हातभार लावला. सहकाराच्या नियमाप्रमाणे येथे भागांना मत नसते, माणसाला असते आणि तेही एकच.

महाराष्ट्रातील वाचकाला यात नवल वाटावयास नको. १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी काढलेल्या दुकानातून जे तत्त्व जगभर गेले, त्याचीच एक शाखा १९०४ च्या कायद्याने भारतात आली आणि पुढे प्रवरेच्या काठी साखर कारखान्याच्या रूपाने फळली. सहकार म्हणजे संचालकांचे राजकारण आणि थकलेली कर्जे, असे समीकरण आपल्याकडे होऊन बसले आहे. म्हणूनच एखादे चिमुकले गाव केवळ एकत्र बसण्याची जागा राखण्यासाठी सहकाराचा आश्रय घेते, हे पाहून तत्त्वाचा मूळ अर्थ आठवतो.

पुढे कायद्यानेही या मार्गाला हातभार लावला. २०११ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्यानुसार एखादी इमारत सामाजिक मूल्याची म्हणून नोंदवता येते. ती विक्रीस निघाली तर विक्री काही महिने थांबते आणि लोकांना पैसे उभे करण्यास अवधी मिळतो. दक्षिण लंडनच्या नन्हेड भागातील ‘आयव्ही हाउस’ हा पब तेथील रहिवाशांनी २०१३ मध्ये याच मार्गाने घेतला. २०१७ मध्ये पब पाडण्यास किंवा त्याचा वापर बदलण्यास नगररचना खात्याची परवानगी आवश्यक ठरली. त्याआधी २०१५ मध्ये लंडनच्या मेडा व्हेलमधील ‘कार्ल्टन टॅव्हर्न’ हा पब परवानगीवाचून पाडण्यात आला. नगरपालिकेने तो होता तसा, विटेला वीट लावून पुन्हा बांधण्याचा हुकूम दिला. आणि २०२१ मध्ये तो खरोखरच पुन्हा उघडला.

अर्थात सहकार ही जादूची कांडी नव्हे. मार्च २०२० मध्ये महामारीने सारेच पब बंद केले, नंतर इंधनाचे भाव कडाडले. त्यांची झळ सहकारी पबला लागली नाही असे कसे म्हणता येईल? मालकी बदलल्याने खर्च कमी होत नाहीत. मात्र घर चालू ठेवावयाचे की विकावयाचे, हा निर्णय त्या घरात बसणारी माणसे घेतात. कंपनीचा मालक तोटा दिसला की बाहेर पडतो. गावाला बाहेर पडता येत नाही; म्हणून ते मार्ग शोधीत राहते.

‘लोक’ म्हणजे कोण?

या संस्थेचे गुणगान करताना एका गोष्टीवर पडदा टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हे ‘लोकांचे घर’ सर्व लोकांचे कधीच नव्हते. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका प्रसिद्ध मद्यगृहात स्त्रियांनी फळीपाशी उभे राहू नये असा दंडक होता. तो १९८२ मध्ये अपील न्यायालयात बेकायदा ठरला. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविक गावात ओतशाळांमध्ये राबणाऱ्या भारतीय कामगारांना कित्येक पबमध्ये सेवा नाकारली जाई किंवा वेगळ्या दालनात बसवले जाई. अवतारसिंग जोहल यांच्या पुढाकाराने भारतीय कामगार संघटनेने याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तेथे आले. ‘ब्लू गेट्स’ या पबच्या एका दालनात त्यांनाही सेवा नाकारण्यात आली. त्याच वर्षी वंशभेदविरोधी कायदा होऊन सार्वजनिक ठिकाणचा भेदभाव बेकायदा ठरला. काळाचा न्याय असा की, त्याच परिसरातील कित्येक ओस पडू लागलेले पब पुढे पंजाबी कुटुंबांनी चालवावयास घेतले. आज तेथे भट्टीवर भाजलेल्या मांसाच्या थाळीबरोबर गोरे, काळे, सावळे सारेच एलचे पेले रिचवतात. ‘पब्लिक’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशाने रुंदावला नाही. दार ठोठावणाऱ्यांनी रुंदावला.

बाटली उभी की आडवी

यावर कोणी असे म्हणेल की, हा सारा विचार मद्यालयाच्या बाजूचा झाला. ज्या देशाच्या राज्यघटनेने सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात मद्यबंदीचा निर्देश दिला आहे आणि जेथे दारूपायी संसार उघड्यावर पडलेले प्रत्येकाने पाहिले आहेत, तेथे परदेशातील पब वाचल्याचे कौतुक कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मद्याने होणारी हानी इंग्लंडमध्येही लहान नाही. पण पब बंद पडले म्हणून तेथील पिणे थांबले नाही. ते सुपरबाजारातील स्वस्त डब्यांच्या रूपाने घरात शिरले. आज ब्रिटनमधील निम्म्याहून अधिक मद्य पबबाहेर विकत घेऊन प्यायले जाते. पबमध्ये तोल गेलेल्या माणसाला ‘आता पुरे’ म्हणणारा कोणी असतो. तशा माणसाला आणखी मद्य विकणे हा तेथे कायद्याने गुन्हाच आहे. बंद दाराआड एकट्याने पिणाऱ्याला थांबवणारे कोणी नसते.

आणि खोल पाहिले तर हेस्केट न्यूमार्केटचे गावकरी आणि महाराष्ट्रातील खेड्यातल्या स्त्रिया यांची मागणी परस्परविरोधी नाही. आपल्याकडे गावातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला, तर दारूचे दुकान बंद करावे लागते. तेथे गाव उठले ते घर राखण्यासाठी, येथे बाया उठतात त्या दुकान हटवण्यासाठी. एकीकडे घर होते म्हणून ते राखावेसे वाटले. दुसरीकडे गुत्ताच होता म्हणून तो घालवावासा वाटला. परंतु दोघांचे म्हणणे एकच आहे. आमच्या गावात काय असावे आणि काय नसावे, हे परवाना देणाऱ्याने किंवा दूर शहरातील मालकाने परस्पर ठरवू नये.

अस्सल एलचे पिंप तीन दिवसांत संपले नाही तर आंबते. माणसांच्या एकत्र बसण्याच्या जागांचेही तसेच आहे. त्या वापरल्या तरच टिकतात आणि वापरणाऱ्यांच्या हाती राहिल्या तरच वापरता येतात. त्या जागेत एलचा पेला असो वा चहाचा कप, वाचनालय असो वा देवळापुढचा पार. तिची खरी किंमत जोवर तिच्यात बसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, तोवर ती फक्त विकत घेणाऱ्याच्याच लक्षात येत राहणार.